शालनताईंचे दोन भाव

शालनताई माने कुणाच्या घरी गेल्या आणि तिथे नवी साडी, नवा कुकर किंवा नवं कपाट दिसलं, की पाणी प्यायच्या आधी विचारायच्या, "केवढ्याला?" माझ्या आईला ते अजिबात आवडायचं नाही. साताऱ्यात आमच्या घरापासून दोन घरं सोडून त्या राहायच्या, त्यामुळे हा प्रसंग आमच्याकडे वरचेवर यायचा. आई काहीतरी गुळमुळीत उत्तर द्यायची, "घेतला असाच, यांनी आणला." मग ताई माझ्या वडिलांकडे वळायच्या. आकडा कळला की त्यावर महाग म्हणायच्या नाहीत, स्वस्तही म्हणायच्या नाहीत. मान हलवायच्या आणि दुसऱ्या विषयावर जायच्या. त्यांना फक्त ठाऊक असायला हवं असायचं.

स्वतःच्या बाबतीतही त्यांचं तेच. माझ्या लग्नात त्यांनी मला स्टीलचा मोठा डबा दिला, त्यावर किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली. माझ्या सासूबाई संकोचून ती नखानं खरवडायला लागल्या, तर ताई म्हणाल्या, "राहू द्या हो. मला परवडलं तेवढ्याचं आणलंय, त्यात झाकायचं काय?" सासूबाईंनी पुढे कित्येक महिने ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितली.

ताईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. ट्रंक कॉल लावून द्यायचं काम. आवाज खणखणीत, शब्द स्वच्छ, आणि घरातही कुणी हाक मारली तर "बोला" म्हणून ओ द्यायची सवय. यंत्रं आली, हातानं लाइन जोडायचं काम संपलं, तेव्हा त्यांनी वेळेआधीच निवृत्ती घेतली. त्याच्या थोडं आधी त्यांचे यजमान वारले होते. वसंतराव शाळेत चित्रकला शिकवायचे आणि जुनी नाणी जमवायचे. ताईंना त्या छंदात रस नव्हता. वसंतरावांच्या मागे नाण्यांच्या दोन पेट्या उरल्या, मुलगा शिरीष पुण्याला नोकरीला, म्हणून ताई त्या पेट्या घेऊन एका नाणीवाल्याकडे विकायला गेल्या.

हा किस्सा त्या नेहमी एकाच तऱ्हेनं सांगायच्या. "त्यानं नाणी पाहिली, भिंगानं पाहिली, चहा मागवला. मी म्हटलं, काय द्याल? तर म्हणतो, तुम्हीच सांगा, तुमची काय अपेक्षा आहे. मला बिचारीला काय ठाऊक? मी आपला एक आकडा सांगितला. अगं, माझं वाक्य संपायच्या आत हो म्हणाला. इतक्या पटकन हो म्हणणारा माणूस मी आयुष्यभर फोनवरसुद्धा ऐकला नव्हता. पेट्या उचलल्या आणि घरी आले."

त्या दिवसापासून त्या नाणी शिकायला लागल्या. पुण्या-कोल्हापूरच्या प्रदर्शनांना एसटीनं जायच्या, टेबलाटेबलावर उभ्या राहून भाव विचारायच्या. बहुतेक जण सांगायचे नाहीत. एकाच नाण्याला सकाळी एक भाव आणि दुपारी नवा चेहरा आला की दुसरा, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. वर्ष-दोन वर्षांनी त्यांनी वसंतरावांच्या नाण्यांतली दुबार नाणी विकायला काढली, मग इतरांची घ्यायलाही लागल्या. घराच्या पुढच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर हिरवं बनातीचं कापड, आणि भिंतीवर शाळेत असतो तसा फळा. फळ्यावर दोन रकाने. एकावर लिहिलेलं, 'मी घेते'. दुसऱ्यावर, 'मी विकते'.

साताऱ्यात हा थट्टेचा विषय झाला. विकायचा भाव लिहिणं समजू शकतं, पण आपण तीच वस्तू केवढ्याला घेतो हे गिऱ्हाइकाला कोण दाखवतं? लोणंदचा एक व्यापारी, कांद्याचा व्यवहार करणारा आणि हौसेनं नाणी घेणारा, एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "आवं ताई, मधला नफा असा भितीवर टांगत्यात व्हय? गिऱ्हाईक भांडंल की तुमच्याशी."

"भांडू दे," ताई म्हणाल्या. "समोर दिसतंय त्यावर माणूस थोडा वेळ भांडतो. दिसत नाही त्याचा संशय जन्मभर धरतो."

"पर कमी मिळतंय की तुमाला."

"मिळतं तेवढं मिळतं. मला मधल्या पैशाची लाज वाटत नाही. मी एसटीनं फिरते, नाणं ओळखते, खोटं निघालं तर परत घेते. त्याचे पैसे आहेत ते."

तो माणूस हसत हसत फळ्यावरच्या भावानं दोन नाणी घेऊन गेला. पुढे लोणंदहून येताना तो आपल्या ओळखीच्यांनाही घेऊन यायचा.

नाण्याचा दोष ताई आधी सांगायच्या आणि तोही मोठ्यानं. कोरेगावच्या एक बाई सासऱ्यांच्या वेळचे चांदीचे रुपये घेऊन आल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांनी ते चिंच आणि राखेनं घासून लखलखीत केले होते. मोठ्या कौतुकानं त्यांनी रुमाल सोडला. ताईंनी एक रुपया उचलला, उजेडात फिरवला आणि डोळे मिटून घेतले.

"काय झालं हो?" बाई घाबरल्या.

"घासले नसते तर जास्त दिले असते," ताई म्हणाल्या. "आता चांदीचा भाव फक्त." बाईंचा चेहरा पडला तशी ताईंनी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकला, पण भाव बदलला नाही. त्यांच्या या सरळपणात एक रुक्षपणा होता आणि तो पुष्कळांना लागायचा. मलाही लागलेला आहे. पण त्यांच्या घरातून बाहेर पडलेलं माणूस, आपण फसलो का, असा विचार करत रस्त्यानं चाललेलं मी पाहिलं नाही.

लग्नानंतर मी सांगलीला आले. आम्हा नवरा-बायकोंनी विश्रामबागेत कॉम्प्युटरचे क्लास काढले होते. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आम्ही इंटरनेटची जोडणी घेतली आणि तासाच्या हिशेबानं लोकांना बसू द्यायला लागलो. पोरं परीक्षेचे निकाल बघायला यायची, कुणी परदेशातल्या मुलाला मेल पाठवायला. ताई सांगलीला नाण्यांच्या कामासाठी यायच्या तेव्हा आमच्याकडे उतरायच्या. एकदा मी त्यांना म्हटलं, "ताई, परदेशात नाण्यांचे लिलाव यावर चालतात म्हणे. बघायचेत?"

त्या खुर्ची ओढून बसल्या. मॉडेमचा तो कर्कश चित्कार सुरू झाला की सगळे कान झाकायचे, ताई मात्र पुढे झुकून ऐकत राहिल्या. "हं, पलीकडे उचललं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्याच क्षणी जोडणी लागली. त्यानंतर जोडणी लागली की नाही हे आम्ही पडद्यावर बघायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचो.

पान हळूहळू वरून खाली उघडत होतं. नाण्याचा फोटो, खाली वर्णन, शेजारी भाव. ताई पडद्याजवळ सरकल्या. घरोघर, टेबलाटेबलावर उभं राहून जे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते इथे कुणीही न विचारता समोर मांडून ठेवलेलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "हा मागितलेला भाव आहे की मिळालेला?"

मला त्यातला फरक सुचलाच नव्हता. आम्ही शोधलं, तेव्हा संपलेल्या लिलावांचं वेगळं पान सापडलं. कुणी किती बोली लावली, शेवटी केवढ्याला गेलं, सगळं तिथे होतं. एकाच नाण्याला एक जण चारशे डॉलर मागत बसला होता आणि तसलीच नाणी प्रत्यक्षात साठ-सत्तरला गेली होती. ताईंनी मला बजावलं, "मागणाऱ्याचं पान बघायचं नाही. गेलेल्याचं बघायचं. मागायला काय, मीही चारशे मागेन."

आणि अशाच एका गेलेल्या नाण्यांच्या पानावर त्यांना त्यांच्या पिशवीतलं नाणं दिसलं.

इराकचं चांदीचं मोठं नाणं, एका बाजूला राजाचा चेहरा. कवठे महांकाळ तालुक्यातले हणमंत शिंदे नावाचे निवृत्त हवालदार काही महिन्यांपूर्वी ते ताईंना देऊन गेले होते. त्यांची मुलगी कोरेगावात दिलेली, तिच्याकडे येता-जाता त्यांना कुणीतरी ताईंचं नाव सांगितलं होतं. त्यांचे वडीलही लष्करात होते आणि महायुद्धात बसऱ्याला असताना त्यांनी ते नाणं आणलं होतं. भाऊ चार, नाणं एक, आणि ते कुणाच्या घरी राहावं यावरून दर दिवाळीला धुसफूस. शेवटी विकून चौघांनी वाटून घ्यायचं ठरलं होतं. ताईंना परदेशी नाण्यांतलं फार कळत नव्हतं. तसं त्यांनी हवालदारांना सांगितलंही होतं, आणि चांदीच्या भावावर थोडं ठेवून दोनशे रुपये दिले होते. पडद्यावर तसंच नाणं तीन हजारांच्या घरात गेलेलं दिसत होतं.

त्या संध्याकाळी आमच्याकडूनच त्यांनी शिरीषला फोन लावला. तो काय म्हणाला ते ताईंच्या उत्तरांवरून कळत होतं. "व्यवहार झाला, मान्य आहे... हो, तेव्हा मलाही माहीत नव्हतं... आता झालंय ना माहीत." फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "शिरीषचं काय चुकलं? आजवर तुमच्याकडून कमी भावात गेलेली नाणी तुम्हाला कुणी परत आणून दिली?"

"नाही दिली. आणि हे विकून टाकलं असतं तर मीही गेले नसते. पण अजून माझ्या पिशवीत आहे. आता मी गप्प बसले तर मला दोन्ही भाव माहीत आणि त्यांना एकच. तसल्या माणसाच्या दुकानातून मी पेट्या उचलून आले होते."

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेले, कारण त्या पानाचे कागदावर छापलेले उतारे समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं. गाव तालुक्याच्या ठिकाणाहून आत. हवालदार घरीच होते. ताईंनी ओसरीवर बसून सगळं सांगितलं. आम्हाला वाटलं होतं माणूस खूश होईल. त्याचा चेहरा उतरला.

"म्याडम, ह्ये तुमी हळू बोला," ते म्हणाले. पण तोवर थोरले बंधू बाबूराव शेतातून येऊन दारात उभे होते आणि त्यांनी आकडा ऐकला होता.

"तीन हजार?" बाबूराव म्हणाले. "हणमा, तू तर दोनशे म्हनला व्हतास."

"दोनशेच दिलं व्हतं बाईंनी."

"आन बाकीचं?"

हवालदारांनी पन्नास पन्नास रुपये सगळ्यांना वाटले होते आणि आता थोरल्या भावाच्या नजरेत ते चोर ठरत होते. धाकट्या दोघांना बोलावणं गेलं. बायका आतून दाराशी आल्या. माझ्या मनात आलं की ताईंनी खरं सांगून या घराला आग लावली. ताईंच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्या पहिल्यांदाच जरा अडखळल्या. मग त्यांनी पिशवीतून नाणं काढलं आणि बाबूरावांच्या हातावर ठेवलं.

"हे बघा. अजून माझ्याकडेच आहे. विकलेलं नाही, म्हणजे तीन हजार अजून कुणालाच मिळालेले नाहीत. हवालदारांना मी दोनशेच दिले. त्या दिवशी मला एवढंच कळत होतं. चूक असेल तर माझी, त्यांची नाही."

बाबूरावांनी नाणं उलटून पाहिलं. मग म्हणाले, "मग तुमी परत कशाला आलासा? ठेवून घ्यायचं की."

"तुम्ही ठेवून घेतलं असतं?"

हवालदारांच्या आईनं, इतका वेळ भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीनं, आमच्यासाठी भाकरी टाकायला सांगितलं.

जेवताना ठरलं ते असं. नाणं त्या परदेशी लिलावात ठेवायचं. सुरुवातीची बोली चौघांनी ठरवायची. भाऊ आमच्या क्लासमध्ये येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बोली बघतील. शंभर वर्षांवरचं असतं तर परदेशी पाठवता आलं नसतं, हे ताईंनी आधीच सांगून टाकलं. हे त्यातलं नव्हतं. दिलेले दोनशे त्या आधी वळते करून घेतील, टपालखर्च वजा होईल आणि उरलेल्यातला दहावा हिस्सा त्यांचा. हे ऐकून हवालदार म्हणाले, "म्याडम, तुमी इतकं केलंसा, जास्त घ्या." धाकट्या भावाला उलट वाटलं की एवढी भली बाई काहीच घेणार नाही. ताई म्हणाल्या, "दहावा हिस्सा. जास्त नको आणि सोडणारही नाही. सोडला तर रात्री तुम्हीच म्हणाल, बाईनं मधे काहीतरी मारलं असणार."

सगळे हसले. त्या घरातलं मी ऐकलेलं ते पहिलं हसू.

लिलाव संपायचा होता त्या दिवशी सकाळी चौघे भाऊ आमच्या क्लासमध्ये हजर. हवालदार इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, बाबूराव नव्या टोपीत. चौदा इंची पडद्यासमोर चार खुर्च्या मावत नव्हत्या म्हणून धाकटे दोघं मागे उभे. ताई एका बाजूला बसल्या होत्या आणि प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होत्या, डॉलरमध्ये आणि मग रुपयांत.

पहिले काही दिवस एकच बोली होती. आता शेवटच्या घटकेला दोन माणसं एकमेकांवर चढायला लागली. पान पुन्हा उघडायला वेळ लागे. एकदा लाइन तुटली. मॉडेम परत ओरडायला लागला तसा धाकटा म्हणाला, "गेलं का काय गड्या?"

"थांबा," ताई म्हणाल्या, कान देऊन. "लागतंय... लागलं."

पान उघडलं तेव्हा लिलाव संपला होता. नाणं कॅनडातल्या एका माणसानं घेतलं होतं, आम्ही पाहिलेल्या जुन्या भावापेक्षा थोडं वर. मी रुपयांत सांगितलं, साडेतीन हजारांच्या आसपास.

मला वाटलं आता जल्लोष होईल. बाबूरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बानं त्ये एवढ्या लांबनं आणलं," ते हळू आवाजात म्हणाले. "आन आता आनकी लांब चाललं."

"दादा, नको वाटतंय का?" हवालदारांनी विचारलं.

थोरल्यानं मान हलवली. "न्हाई रं. बोली लागली म्हंजी शब्द गेला." मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यो जो दुसरा व्हता, ज्याला न्हाई मिळालं, त्यालाबी दिसत असंल न्हवं, केवढ्याला गेलं?"

"दिसतंय की," ताई म्हणाल्या. "त्याला, तुम्हाला, मला. सगळ्यांना एकच आकडा."

"लय बेस हाय मग," बाबूराव म्हणाले, आणि हवालदारांच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. तो हात तिथे बराच वेळ होता. गावाकडच्या ओसरीवर जे बोललं गेलं होतं त्याची माफी त्यांनी तोंडानं मागितली नाही. हवालदारांना ती मिळाली होती असं त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं.

कॅनडातून ड्राफ्ट यायला आणि बँकेत वटायला बरेच आठवडे गेले. धीर न सुटलेल्या एकट्या ताईच होत्या. पैसे जमा झाल्यावर त्यांनी नाणं रजिस्टर टपालानं पाठवलं आणि चौघांचे हिस्से चौघांसमोर दिले.

त्या हिवाळ्यात शिंद्यांनी हुरड्याला बोलावलं, ताईंना आणि आम्हालाही. ज्वारी चांगली आली होती. शेतात आगटी पेटवलेली, कणसं भाजली जात होती, म्हातारी हातावर चोळून गरम हुरडा सगळ्यांच्या पुढे टाकत होती. ताईंना शांतपणे खाऊ दिलंच नाही कुणी. त्या येणार ही बातमी आधीच पसरली होती आणि आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं घरातली नाणी घेऊन आली होती. कुणी रुमालात, कुणी पिवळ्या डबीत, कुणी नुसती मुठीत. घोंगडीवर ती सगळी मांडली गेली.

ताई एकेक उचलून उन्हात धरत होत्या. बहुतेक नाणी साधी होती आणि तसं त्या सांगतही होत्या. "याला बाजारात काही नाही. याला थोडंफार मिळेल, सांगलीत एवढे देतील, साताऱ्यात मी एवढे देईन." ज्याचं नाणं त्याच्या कानात त्या काहीच सांगत नव्हत्या. एक बाई लाजून म्हणाली, "बाई, जरा बाजूला सांगा की." तर ताई म्हणाल्या, "बाजूला कशाला? सगळ्यांना कळू दे. उद्या दुसरा कुणी घ्यायला आला तर तुम्हाला एकमेकींना विचारता येईल."

पुढच्याच वर्षी शिरीष त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिकडे त्यांनी स्वतःचा कॉम्प्युटर घेतला असं ऐकलं. मेल यायचे अधूनमधून, सगळे मोठ्या अक्षरांत. प्रत्यक्ष भेट मात्र हुरड्याच्या त्या दिवसानंतर झाली नाही.

त्या दिवशी क्लासची वेळ होती म्हणून आम्ही हुरड्याहून लवकर निघालो. ताई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, माझं अजून चाललंय." बांधावरून मी वळून बघितलं. त्या घोंगडीवर मांडी घालून बसल्या होत्या, आगटीचा धूर त्यांच्यावरून चालला होता, डोळे चोळत होत्या. भोवती माणसांचं कडं झालं होतं आणि मागचे लोक टाचा उंचावून बघत होते. त्यांनी कुणाचं तरी नाणं उचलून डोक्याच्या वर धरलं, मागच्यांनाही दिसावं म्हणून. वाऱ्यामुळे शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत. पण एवढ्या लांबूनही तो खणखणीत आवाज येत होता, आणि शेतातली सगळी माणसं तो ऐकत होती.